लेकरांसह मुंबई : तीन दिवसांचा बेत



सोयाबीन बाजारात गेले, हाती चार पैसे आले आणि दिवाळीची सुटी लागली, की आपल्याकडच्या पुष्कळ घरांत एक बोलणे निघते : यंदा लेकरांना मुंबई दाखवून आणू. बोलणे निघाल्याबरोबर घरातले कोणीतरी कागद घेऊन यादी करायला बसते. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, जुहू, नटनट्यांचे बंगले. दोन दिवसांत नऊ ठिकाणे! पुन्हा कधी जाणे होते कोणास ठाऊक, तेव्हा एकदाच काय ते उरकून घेऊ, असा त्यामागचा हिशेब. मोठ्या माणसापुरता तो बरोबरही आहे. पण ज्यांच्यासाठी जायचे त्यांचे वय चार आणि सात असेल, तर तो साफ चुकतो.

मी शिरपूर जैनचा. आमच्या गावी अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला मुंबईची, गुजरातेतली कुटुंबे कडेवर मुले घेऊन येतात. त्यांचा दिवस कसा जातो ते पाहावे. सकाळी दर्शन, दुपारी धर्मशाळेत मुलांची झोप, संध्याकाळी सावकाश फेरफटका. एवढ्या लांबून येऊनही त्यांना घाई नसते. आपण त्यांच्या शहरात जाताना मात्र पायाला भिंगरी बांधून जातो. सकाळी एक ठिकाण, दुपारी विसावा, संध्याकाळी मोकळी हवा : लेकरांबरोबरच्या दिवसात ह्याहून जास्त काही मावत नाही.

माझ्या परिचयाचे एक शिक्षक अशीच मोठी यादी पुरी करून आले. शाळेत त्यांच्या मुलाला विचारले, ‘काय रे, मुंबईत काय पाहिलेस?’ मुलगा म्हणाला, ‘गाडीत वरच्या फळीवर झोपलो!’ गुरुजी हिरमुसले. मला वाटते, मुलाने अगदी नेमके उत्तर दिले. लहान मुलाची मुंबई अकोल्याच्या फलाटावरच सुरू होते. तेव्हा हा प्रवासही सहलीतच धरावा.

आपल्या भागातून अकोल्याला एस.टी.ने जावे आणि तिथून रात्रीची गाडी धरावी, हे सर्वांत सोयीचे. विदर्भ एक्सप्रेससारखी गाडी लेकरे झोपेत असताना घाट उतरून सकाळी मुंबईला पोचते. तिकिटाचा नियम नीट समजून घ्या, कारण तिथे घोटाळा होतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळी जागाही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. बर्थ नको असेल, तर अर्धे. आठ वर्षांचा मुलगा आणि त्याची आई रात्रभर एका फळीवर अवघडून बसणार, तर वाचलेले पैसे दुसऱ्या दिवशी टॅक्सीत जातात. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. दिवाळीचे पंचांग भिंतीवर लागलेले असतेच, मागे मोजत या. एस.टी.त मात्र पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धेच, त्यामुळे अकोल्यापर्यंतचा खर्च हलका होतो. कोणी म्हणेल, आता समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातूनच जातो आणि जून २०२५ पासून तो पुरा खुला झाला आहे, मोटारीनेच जाऊ. जा, पण सरळ रस्त्यावर मूल कंटाळते आणि चालवणाऱ्याला झोप येते. दर दोन तासांनी उतरायचे, हे आधीच ठरवून घ्या.

उतरायचे कोठे? आपल्यातले बहुतेक जण नातलगांकडे उतरतात. कोणी डोंबिवलीला, कोणी कल्याणला, कोणी दिव्याला. मुंबईचा माणूस प्रेमळ असतो, पण त्याची जागा लहान असते. दहा बाय बाराची खोली, सकाळी तासभर पाणी, आठला कामावर जाणारी माणसे. तिथे आपण चार जण आणि तीन पिशव्या! म्हणून दोन रात्रींहून अधिक राहू नये, आणि जाताना घरची तूरडाळ न्यावी. नातलग कल्याणकडे असतील, तर गाडी तिथेही थांबते. सामान घेऊन शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन परत येण्याचे कारण नाही. मात्र तिथून रोज मुंबईत यायचे म्हणजे लोकल आली. तिच्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे.

मुंबईतली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. आज त्याच वाटेवर लाखो माणसे रोज जा-ये करतात. सकाळी आठ ते अकरा हा लोंढा मुंबईकडे असतो, संध्याकाळी पाच ते नऊ उलटा. लेकरांना घेऊन ह्या वेळात लोकलमध्ये शिरू नये. अकरानंतर निघावे आणि चारपर्यंत परतीची गाडी धरावी. संध्याकाळी समुद्रावर थांबायचे असेल, तर ती रात्र मुंबईतच काढावी. एखादे दिवशी परवडेल तर वातानुकूलित लोकलचे तिकीट काढावे. ही लोकल डिसेंबर २०१७ पासून आहे. तिची दारे आपोआप बंद होतात; थंड हवेपेक्षा आईबापांना त्या दारांचे मोल अधिक.

लोकल स्थानकावर अर्धा मिनिट थांबते, फार नाही. तेव्हा चढण्याचा क्रम घरीच ठरवावा : आधी एक मोठे माणूस, मग लेकरे, शेवटी दुसरे मोठे माणूस. फलाट आणि डबा यांच्यातली फट मुलाला आधी दाखवावी. आणि ह्याहून महत्त्वाचे : चुकामूक झालीच तर काय करायचे, हे प्रत्येकाला पाठ असावे. मूल किंवा माणूस गाडीत राहिले, तर त्याने पुढच्याच स्थानकावर उतरून तिथेच उभे राहायचे. फलाटावर राहिलेल्याने पुढची गाडी धरून तिथे यायचे. दोघेही एकमेकांना शोधत फिरू लागले, की घोळ होतो. गर्दीत हात सुटला, तर मुलाने जागचे हलायचे नाही. पोलीस दिसला तर त्याला, नाही तर लेकरे बरोबर असलेल्या एखाद्या बाईला सांगायचे.

सांगायचे, पण काय? शिक्षक मंडळींनी इथे विशेष लक्ष द्यावे. आपली मुले महाशिवरात्रीला जानगीर महाराजांच्या यात्रेत हरवली, तरी ‘अमक्याचा नातू’ म्हणून कोणीतरी घरी आणून सोडते. दादरच्या पुलावर ‘अमक्याचा नातू’ चालत नाही. मुलाने गावाचे नाव ‘शिरपूर’ सांगितले, तर ऐकणाऱ्याला धुळे जिल्ह्यातले शिरपूर आठवेल. तालुका ‘मालेगाव’ सांगितला, तर सगळ्या महाराष्ट्राला नाशिककडचे मालेगाव ठाऊक आहे. म्हणजे लेकरू खरे सांगत असूनही त्याचा शोध तीनशे-चारशे किलोमीटर दूर सुरू होईल! म्हणून जिल्हा वाशिम, हा शब्द त्याच्या तोंडी बसला पाहिजे. स्वतःचे पूर्ण नाव, आईचे आणि बापाचे नाव, शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम : पहिलीच्या वर्गात रोज एकदा म्हणून घ्यावे. चार वर्षांच्या मुलाला आईचे नाव ‘आई’ एवढेच माहीत असते, बरं का. जे अगदी लहान आहे, त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी असावी आणि दंडावर पेनाने तोच नंबर लिहावा. रोज सकाळी निघताना मोबाइलवर मुलांचा फोटो काढून ठेवा, म्हणजे आज कोणते कपडे घातले होते हे घाबरलेल्या मनाला आठवावे लागत नाही. मुलांसाठी १०९८, रेल्वेत १३९ आणि कोठेही ११२, हे तीन नंबर मोठ्यांनी लक्षात ठेवावेत.

आता पाहायचे काय? गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचली, की बाहेर धावू नका. १८८८ साली पुरी झालेली ती इमारत २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिच्या भिंतींवर दगडात कोरलेले प्राणी-पक्षी आहेत. मुलांना ते मोजायला लावा, अर्धा तास मजेत जाईल आणि पैसा पडणार नाही.

एक सकाळ राणीच्या बागेला द्यावी. भायखळा स्थानकावरून ती चालत जाण्याजोगी आहे. बुधवारी बंद असते, हे विसरू नका. दारावरून परत फिरलेल्या मुलाची समजूत घालणे कठीण. तिथले पेंग्विन २०१६ साली कोरियाहून आणले आणि २०१७ पासून लोकांना दिसू लागले. त्यांची जात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. नकाशात तो किनारा आधी दाखवून नेले, तर मूल पेंग्विनपुढे अधिक वेळ उभे राहते, असा अनुभव आहे. दुसरी सकाळ वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राला. १९८५ पासूनचे हे केंद्र मुलांसाठी चांगले, कारण तिथे पुष्कळ वस्तूंना हात लावता येतो, कळ दाबता येते. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते आणि तिचे स्थानक ह्या केंद्राजवळ आहे. सरकता जिना आणि जमिनीखालची गाडी, दोन्ही त्यातच पाहून होतात. वस्तुसंग्रहालय उत्तमच; २०१९ पासून तिथे मुलांसाठी वेगळा विभागही आहे. पण ते सात-आठ वर्षांपुढच्यांसाठी राखून ठेवावे. देवळांविषयी मी काही सांगत नाही. एवढेच, की दोन तासांची रांग लेकराच्या पोटाला पेलत नाही. आजीला दर्शन हवे असेल, तर आजीबरोबर एकाने जावे.

आणि समुद्र. तो मात्र चुकवू नये. आपल्या मुलांनी अडाण पाहिली, पैनगंगा पाहिली. पाणी एका बाजूला वाहते, एवढे त्यांना ठाऊक. हे पाणी पुढे येते आणि मागे जाते, हे त्यांनी गिरगाव चौपाटीवर पाहावे. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. दोन संध्याकाळी एकाच वेळी, एकाच जागी उभे केले, तर मुलांना फरक डोळ्यांनी दिसेल. मात्र घोट्याच्या वर पाण्यात सोडू नये आणि हात सोडू नये. विहिरीत पोहणाऱ्या आपल्या मोठ्या पोरांनाही हेच सांगावे; विहिरीच्या पाण्याला ओढ नसते.

घारापुरीची लेणी थोर आहेत. पण बोटीचा तासभर प्रवास आणि वर शंभरावर पायऱ्या, म्हणून लहानग्यांसह मी तो बेत करणार नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी त्याच वाटेवर प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि अनेकांचे प्राण गेले. जायचेच असेल, तर मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट मिळाले आणि ते त्याच्या अंगावर बांधले गेले, तरच बोटीत पाय टाकावा. सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेवर उभे राहून बोटी पाहण्यातही मुलांची संध्याकाळ जाते.

खाण्याचे थोडक्यात सांगतो. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची चटणी, फुटाणे हे पहिल्या दिवसाला पुरते. पुढे गरम वडापाव खुशाल द्या. बर्फाचा गोळा आणि उघडे सरबत देऊ नका.

तिसऱ्या दिवशी काहीच ठरवू नये. कोणाचे पाय दुखतील, कोणाला पुन्हा पेंग्विन पाहावेसे वाटतील, पाहुण्यांच्या गच्चीवर खेळण्यातच एखाद्याला गोडी वाटेल. संध्याकाळच्या आत स्थानकावर पोचावे. परतीच्या काही गाड्या अकोल्याला अगदी भल्या पहाटे पोचतात आणि तिथे थांबतात थोडाच वेळ. भ्रमणध्वनीवर गजर लावाच. शिवाय झोपण्यापूर्वी लेकरांच्या चपला पिशवीत बांधून उशाशी ठेवा, म्हणजे अंधारात बाकाखाली चाचपडत बसावे लागणार नाही.