ठेका आणि तार



विषयाचे नाव ऐकून काही मंडळी बिचकली असतील. दोन प्रोसेसर एकमेकांशी बोलतात ते कोणत्या ठेक्यावर, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे. आणि डबलबारी ऐकत वाढलेल्या कसालकरांना ठेक्याविषयी आम्ही नवे ते काय सांगणार?

उदाहरण पुण्याचे घेऊ. अधिक शक्तिशाली महासंगणक भारताला देण्याचे अमेरिकेने नाकारले. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा केला. त्यातले प्रोसेसर मात्र इनमॉस या इंग्रज कंपनीचे, ट्रान्सप्यूटर नावाचे. परदेशी माल आणून जोडला, त्यात आपले ते काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ‘जोडला’ या शब्दातच सारी मेख आहे.

प्रत्येक ट्रान्सप्यूटरला चार लिंका. एका लिंकेत दोन तारा, एक जाण्याची, एक येण्याची. ठेका सांगणारी तिसरी तार नाहीच! बाहेरून 5 मेगाहर्ट्झचे घड्याळ द्यावयाचे, त्यावरून आतला वेग चिप स्वतःच गुणून काढते. नेहमीचा वेग सेकंदाला एक कोटी बिटांचा. ठरावीक पिनांची जोडणी बदलली की दोन कोटी. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला 50 नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा पंधराच मीटर जातो.

आता एका टोकाला दोन कोटी आणि दुसऱ्याला एक कोटी ठेवले तर? ऐकणारा एकदा पाहतो तोवर दोन बिट निघून जातात. तार शाबूत, वीज ठीक, आणि एक अक्षर धड पोहोचत नाही. माणूस बिचारा तारच बदलत बसतो.

दोन्ही घड्याळे मात्र एकच असावी लागत नाहीत, ही यातली खरी गंमत. बुवांनी सम दाखवली की झीलकरी पुढच्या मात्रा आपापल्या मनाने मोजतात, तसेच इथे. प्रत्येक बाइटाच्या आरंभी दोन खुणेचे बिट, मग आठ मजकुराचे, शेवटी एक. मोजणी दर अकरा बिटांनी नव्याने सुरू होते. दोन घड्याळांत दहा लाखांत चारशेचा फरक असला, तरी अकरा बिटांत तो एका बिटाच्या अर्ध्या टक्क्याएवढाही साचत नाही. म्हणून एकच ठेका साऱ्या प्रोसेसरांपर्यंत नेण्याची सक्ती उरली नाही. कोणती लिंक कोणाला जोडावी आणि काम कसे वाटावे, ही अक्कल मात्र विकत मिळत नव्हती. ती पुण्यात लढवली गेली. आमच्या मते आपले ते हेच.

आजच्या लिंका याहून फार वेगवान. पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीतच 100 मेगाहर्ट्झला 25 ने गुणून सेकंदाला 250 कोटी बिट धावतात. तिथे ऐकणारा ठेका मजकुरातूनच उचलतो. त्यासाठी आठ बिटांचे दहा करून पाठवतात, म्हणजे सारखेच बिट लांबवर येत नाहीत. पिनांच्या जागी आता आकडे लिहावे लागतात. पाटीवर स्फटिक 125 चा, गुणक मात्र 25 चाच, की वेग 312.5 कोटींवर जातो आणि लिंक मुकी!

सभेत अभियांत्रिकीची मुले दिसताहेत. त्यांनी अशा वेळी प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी मूळ घड्याळ मोजावे, मग गुणणारे मंडल स्थिर झाले का ते पाहावे, आणि त्यानंतर दोन्ही टोकांचे आकडे शेजारी मांडून वाचावेत.