गुप्त ग्राहक : एक जोडधंदा आणि एक जबाबदारी
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



घरचे उत्पन्न बेताचे आणि महागाई मात्र रोज चढती. अशा काळात फावल्या वेळी करता येण्याजोगा एखादा जोडधंदा मिळावा, अशी इच्छा आपल्या समाजातील गृहिणी, विद्यार्थी आणि सेवानिवृत्त मंडळी वारंवार बोलून दाखवितात. त्यांपैकी ज्याची माहिती आपल्यांत फार थोड्यांना आहे, त्या 'मिस्टरी शॉपिंग'विषयी आज चार शब्द सांगावे, असे आम्ही योजिले आहे. मराठीत त्यास 'गुप्त ग्राहकाचे काम' म्हणावयास हरकत नाही.

यामागील विचार जुनाच आहे. व्यापाऱ्याने मापात पाप करू नये म्हणून राजसत्तेने त्यावर नजर ठेवावी, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील 'कंटकशोधन' या चौथ्या अधिकरणात आलेले आहे. फरक इतकाच की, आज ही पारख पुष्कळदा दुकानाचा मालकच करवितो. कपड्यांची दुकाने, पेट्रोल पंप, मोटारींच्या शोरूम, उपाहारगृहे, बँका अशा अनेक शाखांच्या व्यवसायात मालकास प्रत्येक ठिकाणी स्वतः उभे राहता येत नाही. म्हणून तो एखाद्या पाहणी-कंपनीस हे काम सोपवितो, आणि ती कंपनी तुम्हां-आम्हांसारख्या सामान्य माणसास ग्राहक म्हणून तेथे धाडते. अमेरिकेत अशा कंपन्यांची व्यावसायिक संघटना १९९८ साली स्थापन झाली. आपल्याकडील मोठ्या शहरांतूनही हे काम चालते.

कामाची रीत अशी. कोणत्या दुकानी, कोणत्या वेळी जावयाचे, काय विचारावयाचे व काय घ्यावयाचे, याच्या लेखी सूचना आधी मिळतात. आपली ओळख न देता तेथे जावे, सर्व नीट पाहावे, पावती जपून ठेवावी आणि घरी येऊन ठरल्या मुदतीत प्रश्नावली भरून द्यावी. अहवाल पसंत पडल्यावर ठरलेला मोबदला आणि खरेदीचा खर्च ठरल्या मर्यादेपर्यंत मिळतो. पण तो हाती पडण्यास पुष्कळदा काही आठवडे लागतात. अहवालास उशीर झाला किंवा पावती हरवली, तर श्रम वाया जाण्याचा संभव असतो.

काम पत्करावे की नाही, हे आपल्या सोयीवर असते, हा यातील मोठा गुण. परंतु हिशेब डोळसपणे करावा. समजा, एका भेटीचे ३०० रुपये ठरले. जाण्यायेण्यास ८० रुपये व २ तास लागले आणि अहवाल लिहिण्यास १ तास गेला. म्हणजे ३ तासांचे २२० रुपये, ताशी सुमारे ७३ रुपये झाले. यावर संसार चालणार नाही. मीठमिरचीस हातभार लागेल, इतकेच.

आता सावधगिरीची गोष्ट. या कामाच्या नावाखाली ठकसेनांनीही आपले दुकान मांडले आहे. अमेरिकेत बनावट चेक पाठवून, 'तो बँकेत भरा, त्यातील रकमेची गिफ्ट कार्डे घ्या व त्यांचे क्रमांक आम्हांस कळवा', असे सांगण्यात येते. पुढे चेक खोटा ठरतो आणि भुर्दंड भरणाऱ्याच्या माथी बसतो. आपल्याकडे मोबाईलवर संदेश येतो, प्रथम थोडे पैसे देऊन विश्वास संपादिला जातो, आणि मग 'अनामत भरा' अशी मागणी होते. आमचे सांगणे एवढेच की, काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणीसाठी कोणी एक रुपया मागितला किंवा ओटीपी विचारला, की तेथेच नमस्कार करावा. फसगत झालीच तर लाजेने गप्प न राहता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

बंधुभगिनींनो, पैशाहून मोठी अशी एक गोष्ट अजून राहिली. दुकानाच्या काउंटरमागे जो मुलगा किंवा मुलगी दिवसभर उभी असते, ती पुष्कळदा आपल्यासारख्याच घरची असते. आपल्या अहवालावरून तिची बढती अडू शकते, प्रसंगी तिच्या नोकरीवरही गदा येऊ शकते. म्हणून हा अहवाल म्हणजे साक्ष आहे, असे समजूनच लिहावा. 'सेवा ढिसाळ होती' असे मोघम न लिहिता, 'सायंकाळी ६ वाजता ७ मिनिटे थांबावे लागले. पुढे ५ गिऱ्हाइके होती व एकच काउंटर उघडा होता', असे लिहावे. मग दोष मुलीचा की माणसे कमी नेमणाऱ्याचा, हे मालकास आपोआप उमगेल. जेथे आपला नातलग वा ज्ञातिबांधव नोकरीस आहे, तेथील काम स्वीकारू नये. भिडेने केलेली स्तुती आणि आकसाने केलेली निंदा दोन्ही सारखीच खोटी. आणि न जाताच घरबसल्या अहवाल भरणे ही तर उघड लबाडी होय.

आपल्या वाडवडिलांनी मिळकत थोडी ठेविली असेल, पण शब्दाची पत राखिली. ती पत सांभाळून जो हे काम करील, त्यास चार पैसे मिळतील आणि रात्री झोपही सुखाची लागेल.