भूकंपाची दप्तरे

अनगोळ हे बेळगाव शहरात आज सामावून गेलेले जुने गाव. तेथून कोयनानगर सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी, कोयनेची भूमी हादरली. खडकातून जाणाऱ्या लाटांची गती पाहता पहिली लाट अर्ध्या मिनिटात अनगोळखाली पोचली असावी. दुसरी, अधिक जोराची, आणखी वीस-बावीस सेकंदांनी. हादऱ्याची आठवण माणसाजवळ राहते, माप राहत नाही. ते राहते भूकंपमापकाने काढलेल्या रेषेत.

दोन लाटांमधील सेकंदांना आठाने गुणले, की भूकंपाचे अंतर साधारणपणे किलोमीटरांत मिळते. परंतु दिशा मिळत नाही. एका ठाण्याची नोंद नकाशावर केवळ एक वर्तुळ काढून देते. तीन ठाण्यांची वर्तुळे जेथे छेदतात, तेथे भूकंपाचे स्थान. म्हणून भूकंपशास्त्रात शेजाऱ्याच्या नोंदीवाचून कोणाचेच चालत नाही. लाटेला सरहद्द ठाऊक नसते. नोंदींची दप्तरे मात्र निरनिराळ्या राज्यांत, निरनिराळ्या देशांत असतात.

कोयनेच्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे दगावली. शिवाजीसागराच्या पाण्याचा या भूकंपाशी संबंध आहे काय, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. त्याचा निवाडा करावयाचा, तर दूरदूरच्या नोंदी एकत्र हव्या होत्या. त्या काळी जगभर एकाच धर्तीची यंत्रे बसविलेल्या ठाण्यांचे एक जाळे होते. पुणे हे त्यातील एक ठाणे. ठाण्याठाण्यांवरील नोंदींचे कागद छायाचित्रणासाठी पाठविले जात, ते परत येत, आणि फिल्मवरील प्रती मागणाऱ्या संशोधकांस मिळत. टपालाच्या गतीनेच का होईना, पण ज्ञान फिरत होते.

आज कागदाची जागा आकड्यांनी घेतली आहे. सेकंदास शंभर मापे घेणारे यंत्र एका दिशेच्या हालचालीसाठी दिवसाला ८६ लाख ४० हजार आकडे लिहिते. उभी आणि दोन आडव्या, अशा तिन्ही दिशा धरल्या तर अडीच कोटींहून अधिक. एवढा साठा एका ठिकाणी ठेवण्यापेक्षा प्रत्येक केंद्राने आपले दप्तर आपल्यापाशी राखावे, परंतु मागणीची रीत सर्वांची एक असावी, असा मार्ग निघाला. १९८६ साली स्थापन झालेल्या अशा जाळ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्याचे नियम घालून दिले.

मागणीत जाळ्याचे नाव, ठाण्याचे नाव, यंत्राची जागा, हालचालीची दिशा, आणि आरंभ व अखेर यांची वेळ द्यावी लागते. अर्ज एका दाराशी दिला, की कोणते दप्तर कोठे आहे हे जाणणारी यंत्रणा त्याचे तुकडे करून योग्य त्या केंद्रांकडे धाडते आणि आलेली उत्तरे एकत्र बांधते. काही नोंदी सर्वांना खुल्या असतात. काहींसाठी परवानगी लागते.

यात एक फसगत नेहमीची. ही दप्तरे जागतिक प्रमाणवेळेने लिहिली जातात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. त्या हिशेबाने कोयनेचा भूकंप १० डिसेंबरच्या रात्री १० वाजून ५१ मिनिटांचा. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा संहारही त्या दप्तरी २९ तारखेसच पडतो. वेळेचा हा हिशेब चुकला, तर मिळते ती शांत जमिनीची रेषा; आणि ती खरी मानणारा फसतो.

दुसरी गोष्ट यंत्राच्या गुणधर्माची. नुसते आकडे म्हणजे जमिनीची हालचाल नव्हे. यंत्र ती किती पटीने दाखविते हे कळल्यावाचून मोठा भूकंप लहान, आणि लहान मोठा ठरेल. म्हणून उत्तम केंद्र नोंदीबरोबर यंत्राची माहितीही देते, आणि मधला काळ यंत्र बंद असेल तर तेथे मोकळी जागाच ठेवते. कल्पनेने भरलेली रेषा ही रिकाम्या जागेपेक्षा घातक होय.

धरणाची भिंत किती बळकट असावी, घराचे छप्पर किती हलके असावे, हे ठरविताना अभियंत्याला याच नोंदींचा आधार असतो. नोंद ज्याने घेतली त्याची ती खरीच; परंतु ती उपयोगी पडते बहुधा दुसऱ्याच्या घराला. अनगोळच्या भुईखालून गेलेल्या लाटेचे मर्म पुण्याच्या दप्तरात सापडावे आणि पुण्याच्या शंकेचे उत्तर समुद्रापलीकडून यावे, हाच या देवघेवीचा अर्थ आहे.