जुना संगणक आणि मोठी डिस्क

सुमारें २००० सालीं घेतलेला संगणक अद्याप चालता असला, तरी त्याची हार्ड डिस्क केव्हां ना केव्हां भरते किंवा बिघडते, आणि गृहस्थ २५० गिगाबाइटांची डिस्क मिळवून त्यांत बसवितो. यंत्र मात्र बहुधा १३७ गिगाबाइटच दाखवितें. विक्रेत्यानें फसविलें, असा ग्रह होतो. तो अन्यायाचा आहे. उणीव डिस्कमध्यें नसून ती मोजणाऱ्या यंत्रांत असते.

श्रोतेहो, डिस्कवरील मजकूर ५१२ बाइटांच्या खणांत सांठविलेला असतो व प्रत्येक खणास क्रमांक असतो. जुन्या यंत्रांत या क्रमांकास २८ बिटांची, म्हणजे शून्य वा एक अशा २८ चिन्हांचीच जागा होती. तेवढ्यांत २६,८४,३५,४५६ क्रमांक मावतात. त्यांस ५१२ नीं गुणिलें कीं १३७ गिगाबाइटांचा हिशेब पुरा होतो.

याहून जुनी मर्यादा अधिक मौजेची होती. तेव्हां खणाचा पत्ता सिलिंडर, हेड व सेक्टर अशा तीन आंकड्यांनीं देत. बायॉस या मूळ आज्ञावलीस १०२४ सिलिंडर व २५६ हेड मान्य होते. डिस्कच्या जोडणीस सिलिंडर ६५,५३६ चालत, पण हेड १६ च. दोघांच्या संमतीनें चालावयाचें म्हणजे प्रत्येक बाबतींत लहान आंकडा घ्यावयाचा. तसा तो घेतल्यावर, ६३ सेक्टर धरून, हातीं आले अवघे ५२८ मेगाबाइट!

माप कमी दिसणें ही तशी निरुपद्रवी गोष्ट होय. खरा घात निराळाच आहे. नव्या यंत्रावर २५० गिगाबाइटांचा एकच विभाग पाडलेली डिस्क विंडोज ९८ च्या यंत्रांत घातली, तर मर्यादा ओलांडतांना तें थांबत नाहीं. तीन अंकी रकान्यांत १००० वें पान ००० असें नोंदलें जावें, तसा वरचा अंक गळतो व नवा मजकूर डिस्कच्या आरंभींच्या खणांवर लिहिला जातो. तेथें तर सर्व फायलींची सूची असते. वर्षानुवर्षें जपलेलीं छायाचित्रें जातात, आणि कारण कोणास उमगत नाहीं.

४८ बिटांचा क्रमांक २००२ च्या सुमारास रूढ झाला. विंडोज एक्सपीस तो त्याच वर्षींच्या पहिल्या सर्व्हिस पॅकनें समजूं लागला. यास्तव बायॉसची सुधारलेली आवृत्ति निघालेली आहे काय, तें प्रथम पाहावें. नसल्यास स्वतःचें बायॉस असलेलें कंट्रोलर कार्ड बसवावें. कार्यप्रणालीच जुनी असेल, तर मात्र सर्व विभाग १३७ च्या आंत आखून उरलेली जागा रिकामी सोडावी. तिचा लोभ धरूं नये. आणि जुन्या डिस्कवरील मजकूर नवीवर उतरविला, तरी ती जुनी डिस्क महिनाभर पुसूं नये.