जॉर्ज इन : लंडनची एक जुनी सराई



आपल्याकडे वाटसरू धर्मशाळेत उतरे. तेथे भाडे नसे. शिधा ज्याचा त्याने आणावयाचा. इंग्लंडात मात्र वाटसरू ‘इन’मध्ये, म्हणजे पैसे मोजून राहावयाच्या सराईत उतरे. अशी एक ‘जॉर्ज’ नावाची इन लंडनमध्ये अद्याप उभी आहे. जुनी वास्तू ज्यांच्या हाती आहे त्यांनी तिची हकीकत अवश्य ऐकावी.

थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर साउथवर्क हा भाग आहे. शहरालगत नदीवर पूल एकच, लंडन ब्रिज. वेस्टमिन्स्टरचा दुसरा पूल १७५० साली झाला. तोवर दक्षिणेकडील सारी वाहतूक त्या एका पुलाच्या तोंडाशी येई, म्हणून तेथल्या हमरस्त्याला एकीला लागून एक अशा इन झाल्या. जॉर्जशेजारच्या टॅबर्ड इनमधूनच चॉसर कवीने आपल्या काव्यातले यात्रेकरू कँटरबरीस धाडले. आपली दिंडी मुक्कामावरून निघते तशीच ती निघाली.

१६७६ च्या आगीत साउथवर्कचा बराच भाग जळाला, त्यात जॉर्जही गेली. पुढच्याच वर्षी, १६७७ साली, ती जुन्या जागी पुन्हा बांधली.

या इमारतीची रचना समजण्यास आपला चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणावा. हमरस्त्यावर तोंड अरुंद, आत लांब अंगण. घोडागाडी थेट अंगणात येई. खाली उतारूंच्या बसण्याच्या व खाण्यापिण्याच्या खोल्या, वर निजण्याच्या. वरच्या खोल्यांपुढे अंगणाकडे उघडा लाकडी सज्जा, त्याला कठडा. खोल्यांची दारे सज्ज्यावर उघडतात. कोण आले, कोणाची गाडी जुंपली, हे उतारूला दारातूनच दिसे. घोड्यांसाठी पागा असे. दर काही मैलांवर दमलेले घोडे सोडून ताजे जुंपावे लागत. त्यावरच हा धंदा चाले. १७८४ पासून सरकारी टपालही अशा गाड्यांतून जाऊ लागले आणि वेळेला किंमत आली. भिंतीवर भले मोठे घड्याळ लावण्याची रीत अशा ठिकाणी होती. जॉर्जमध्येही तसे एक आहे.

१८३६ साली जवळच लंडन ब्रिजचे रेल्वे स्टेशन झाले. गाड्या हळूहळू बंद पडल्या, पागा ओस पडल्या. पुढे इमारत ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीकडे गेली. १८८९ साली कंपनीने वखारीसाठी तिच्या दोन बाजू पाडल्या. कंपनीच्या मनात दुष्टावा नव्हता. तिला माल ठेवावयास जागा हवी होती आणि रिकामे सज्जे उत्पन्न देत नव्हते. कागदोपत्री पाहिले तर व्यवहार चोख होता. पण शेजारच्या इनही त्याच शतकात अशाच हिशेबाने जमीनदोस्त झाल्या आणि सज्जे असलेली इन अख्ख्या लंडनमध्ये ही एकच उरली, तीही एका बाजूची.

१९३७ साली रेल्वे कंपनीनेच ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेस देऊन टाकली. जुन्या वास्तू लोकांसाठी सांभाळणे हेच त्या संस्थेचे काम. ट्रस्टने तिला कुलूप घालून शोभेची वस्तू केली नाही, हे विशेष. आजही तेथे लोक खातात-पितात. (बिअर विकतात हे खरे, ती तिकडची रीत.) अंगणात उभे राहिले की दक्षिणेच्या बाजूस जुना सज्जा दिसतो. बाकीच्या बाजूंस तो नाही.