शाळेची बाग आणि आपलं रान



आपल्या निधीतून शाळेत हिरवळ आणि गुलमोहर लावायचं ठरतंय. मी सॉफ्टवेअरवाली, आमच्याकडे आधी काय चालू आहे ते समजून घेतात, मगच हात लावतात.

नागपूरची गोरेवाडा सफारी २६ जानेवारी २०२१ला खुली झाली. तिथले वाघ, अस्वलं राहतात ती पानगळीच्या रानात. उन्हाळ्यात ते बोडकं दिसतं, पण रान तेच.

परभणीची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. सुट्टीत हिरवळीला रोज पाणी कोण घालणार? गुलमोहर तर मूळचा मादागास्करचा. आपला पळस पानं झडल्यावर फुलतो, साळुंक्यांना मध देतो. पळस, कडुनिंब, बाभूळ लावू या. पहिले दोन-तीन उन्हाळे पाण्याची पाळी आपली. माझं नाव आधी लिहा.