क्लोजिंग झाल्यावर जाऊ
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला 'सोसायटीच्या सहली' या विषयावर दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. मी नऊ वर्षे खजिनदार होतो, त्यामुळे सहलींचे हिशेब माझ्याकडे आहेत. पण हिशेब वाचून दाखवत नाही, घाबरू नका.

जिन्याजवळच्या फलकावर जुने फोटो लावले आहेत, ते आपण पाहिले असतील. त्यात एक फोटो आहे २००१ सालचा, आपल्या पहिल्या सहलीचा. सिंहगडाच्या पायथ्याजवळ काटेसावरीखाली एकवीस जण उभे आहेत. झाडाला पान एक नाही, सगळी लाल फुलेच. सौ. आहे, माझा मुलगा आहे, नववीतली मुलगी ओढणीत फुले गोळा करून उभी आहे. मी त्यात नाही. फोटो मी काढला असेल असे कुणाला वाटेल, पण तसेही नाही. मी त्या रविवारी शाखेत होतो.

तरुण मंडळींसाठी सांगतो. पूर्वी बँकांचे क्लोजिंग डिसेंबरअखेर असायचे. १९८९ पासून ते मार्चअखेर आले, आणि वसंत ऋतू आमच्या पंचांगातून गेला. फेब्रुवारी उजाडला की वसुली, खाती जुळवणे, वरून येणारे फोन. घरात कुणी सहलीचा विषय काढला की माझे उत्तर ठरलेले, "क्लोजिंग झाल्यावर जाऊ." क्लोजिंग होईपर्यंत एप्रिल यायचा. एप्रिलच्या उन्हात पुण्यात कोण फिरायला जातं? मग "पुढच्या वर्षी बघू". अशी 'पुढची वर्षे' एकवीस झाली. हा आकडा मी काढलेला नाही, सौ.ने काढला आहे. ती दुसऱ्या रांगेत बसली आहे, म्हणून चुकवून चालणार नाही.

२०१० साली निवृत्त झालो आणि पुढच्याच फेब्रुवारीत सोसायटीबरोबर गडावर गेलो. साठीत पहिल्यांदा कळले, आपल्याकडचे वसंतातले ऊन म्हणजे जेमतेम तीन तासांचा मामला आहे. सकाळी सातला अंगावर स्वेटर लागतो. नऊला तेच ऊन पाठीवर घ्यावेसे वाटते. साडेदहानंतर माणूस सावली शोधू लागतो. म्हणजे सहाला निघालात तरच ते हाती लागते, आठ-आठला चहा पीत बसलात तर गेले. वाटेवर काटेसावर, पांगारा आणि जरा पुढे मार्चकडे पळस. सावरीच्या झाडावर मैना, बुलबुल, भोरड्यांचे थवे, कावळेसुद्धा. सगळे मधासाठी भांडत असतात, अगदी आपली वार्षिक सर्वसाधारण सभा! पळसाची फुले मुलांनी पिशवीत भरून आणली आणि रंगपंचमीला पाण्यात उकळून रंग केला, ते वर्ष काहींना आठवत असेल. कपडे पिवळे-केशरी झाले, पण धुतल्यावर रंग निघाला. बाजारचा रंग मात्र पार्किंगच्या भिंतीवर अजून आहे.

आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, ठेचा, मातीच्या छोट्या मडक्यातलं दही. याबद्दल पुणेकरांपुढे मी काय बोलणार! एवढेच सांगतो, भाजी-पोळीचे डबे घेऊन गेलो आणि ते तसेच परत आणले, असे दर वर्षी झाले आहे.

आता थोडे कडू बोलतो. मधल्या काळात आपल्या सहली रिसॉर्टला जाऊ लागल्या. रेन डान्स, डीजे, माणशी अठराशे रुपये. मुलांना मजा येते, मान्य आहे. पण पावत्या फाडणारा मी होतो, त्यामुळे कोणत्या दारावर "आम्हाला जमणार नाही हो" असे उत्तर मिळाले, ते मला ठाऊक आहे. कारण कुणी सांगत नाही. कुणाचे पैशांचे असते, कुणाच्या घरी अंथरुणावरचे माणूस असते, कुणाला तीन तास बस झेपत नाही. दोन वर्षांपूर्वी सात घरे आली नाहीत. त्यातले एक आमचे होते. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशने झाली आहेत.

म्हणून गेल्या वर्षी मी कमिटीला विनंती केली की पुन्हा गडच ठेवा. चालणारे पायथ्यापासून चढतील, न चालणारे गाडीने वर जातील. कमिटीने ऐकले, त्यांचे आभार. सगळे आले. पण गाडीतळावर उतरल्यावर पुणे दरवाजाकडच्या पायऱ्या समोर दिसल्या, आणि सौ. म्हणाली, "मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या."

मी गेलो नाही. मोठा त्याग केला असे समजू नका, माझेही गुडघे काही नवे नाहीत. खालीच एका ताक-दही विकणाऱ्या मावशींच्या टोपलीजवळ दोन तास बसलो. खाली दरीत ऊन हळूहळू उतरत होते. खडकवासल्याचे पाणी दिसत होते. मी म्हटले, "तेव्हा यायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही आला असतात, तरी डोक्यात बँकच असती. दही खा." यावर मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही.

मुले परत आली, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या छोट्या मुलीने आमचा फोटो काढला. तोही फलकावर लावला आहे. थोडा हलला आहे.

सेक्रेटरींनी मला आठवण करायला सांगितले आहे. यंदाची सहल फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे. गाड्या फाटकातून सकाळी सहाला, म्हणजे सहालाच सुटतील. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी आधी सांगावे, त्या दिवशी घरी थांबायला दोघेजण तयार आहेत. वर्गणी प्रवासापुरतीच आहे, आणि ज्याला जी जमेल ती त्याने पाकिटात घालून डब्यात टाकावी, नाव लिहू नये. पायऱ्या चढू न शकणाऱ्यांसाठी घडीच्या सहा खुर्च्या घेतल्या आहेत. त्यातल्या दोन अडवलेल्या आहेत.